धाकटीचा काढा

बाबांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटून घोट घेतला आणि अशी काही मान डोलावली की हातातला ट्रे तिथेच आपटावा असं थोरलीला वाटलं.

"कडू आहे, कडूच आहे," बाबा म्हणाले. "पण कडूपणातसुद्धा गंमत आहे हं. भिंगरीच्या हाताला गुण आहे."

काढा फ्रिजमधून काढला थोरलीने. मंद आचेवर गरम केला थोरलीने. गाळला, ओतला, खुर्चीपर्यंत आणून दिला थोरलीने, आणि आता पेला विसळायचाही तिनेच. गुण मात्र भिंगरीच्या हाताला! भिंगरी म्हणजे धाकटी बहीण. ती या घडीला शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या प्रयोगशाळेत बुरशीच्या बशा मांडून बसली असेल, आणि इथे तिच्या नावाने माना डोलत होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणत थोरलीने गोळ्यांची डबी पुढे केली.

डबी बघताच बाबांचा चेहरा पडला. "ठेव तिकडे. घेतो मग."

"मग नाही, आत्ता. माझ्यासमोर."

"मॅनेजर, तू म्हणजे ना…"

मॅनेजर म्हणजे थोरली. ही नावं बाबांनी दोघी शाळेत जाण्याआधीच पाडली होती. एक भिंगरी आणि एक मॅनेजर. बापाचा जीव कोणावर जास्त, याला आणखी पुरावा तो काय हवा? शिवाय धाकटी बापाला "ए बाबा" म्हणायची आणि थोरली "अहो बाबा". धाकटीला कुणी शिकवलं नव्हतं, आणि थोरलीला ते कधी सुटलं नाही.

बाबांनी जन्मभर एका बँडमध्ये ड्रम वाजवला. लग्नसमारंभ, हॉटेलं, जहाजावरच्या पार्ट्या, जिथे बोलावतील तिथे. आपला ताल कधी सुटला नाही, ही त्यांची एकच बढाई. आणि म्हातारपणी सुटला तो नेमका काळजाचा. ठोके मनाला येईल तसे पडायला लागले. अशा हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली की माणूस आडवा होतो, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ही गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर आत कुठेतरी रक्तस्राव. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं आणि त्या आकड्याप्रमाणे डॉक्टरीणबाई गोळी कमीजास्त करायच्या.

हे सगळं थोरलीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. घराच्या खालीच तिचं औषधांचं दुकान होतं. समोर बसथांबा, शेजारी न्हावी, आणि मध्ये ती पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेतल्यावरही लोक हळूच विचारत, "बाई, घेऊ ना हे? तुम्ही म्हणता तर घेतो." अख्ख्या गल्लीला तिचा शब्द प्रमाण. जिना चढून वर आलं की मात्र पिकतं तिथे विकत नाही. बाबांना तिच्या हातचं सूप खारट, तिने आणलेला स्वेटर टोचरा आणि तिने दिलेली गोळी घशात अडकणारी.

आणि धाकटी? ती दूरच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं राहिली. आई आजारी होती तेव्हा दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा आईला हसवून गेली. पथ्यपाणी, बेडपॅन, जागरणं थोरलीच्या वाट्याला. गेल्या हिवाळ्यात धाकटी कायमची परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालून. तिचं काम रानातल्या अळिंब्यांवर. पडलेली झाडं, कुजके ओंडके धुंडाळायचे, त्यावर उगवलेलं काही मिळालं की कागदी पिशवीतून आणायचं, वाळवायचं, त्याचा अर्क काढायचा आणि त्यात कुठल्या रोगावर चालेल असं काही आहे का ते बघायचं.

"कुत्र्याच्या छत्र्या गोळा करते," थोरली गिऱ्हाइकांना सांगायची.

"ताई, हसू नकोस," धाकटी म्हणायची. "तुझ्या दुकानातलं पेनिसिलिन कुणाची लेक आहे? बुरशीचीच ना? रानात अजून अशा किती लेकी लग्नाच्या राहिल्यात, आपल्याला पत्ता नाही."

बाबा खो खो हसायचे. बाबांना हसवायला धाकटीला कष्ट पडत नसत, हेच तर थोरलीचं दुखणं होतं.

काढ्याची सुरुवातही बाबांनीच केली. धाकटीला हल्ली एका अळिंबीने झपाटलं होतं. झाडाच्या खोडाला फळीसारखी चिकटलेली, वरून तपकिरी, लाकडासारखी टणक. बाबा म्हणाले, "सगळ्या जगाला औषध शोधतेस, मग बापाला दे की थोडं. जिना चढलो की दम लागतो."

"बाबा, हे औषध नाहीये रे. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. लोक पूर्वापार उकळून पितात, मीही पिते, एवढंच." आणि मग ती थोरलीकडे वळली. तेव्हा ती हसत नव्हती. "ताई, बाबाच्या गोळ्यांशी याचं काही वाकडं नाही ना? तुला कळतं त्यातलं. हवं तर डॉक्टरीणबाईंना विचारून सांग."

आता बघा, हाच प्रश्न दुकानात एखाद्या परक्या बाईने विचारला असता, तर थोरलीने काउंटरवर हात आपटून सांगितलं असतं की रक्त पातळ करायची गोळी चालू असताना लसणाची कॅप्सूलसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. शंभर लोकांना तिने हे सांगितलं होतं. पण "वाकडं असू शकतं" म्हणायचं म्हणजे त्या लाकडाच्या तुकड्यात काही तरी दम आहे असं कबूल करायचं, आणि तेही बाबांच्या देखत. तिची जीभ वळेना.

"कुत्र्याच्या छत्रीचं पाणी ते," ती म्हणाली. "त्याने कुणाचं काय बिघडणार आणि काय सुधारणार? पाज खुशाल."

झालं. धाकटी दर रविवारी आठवड्याचा काढा बाटल्यांत भरून आणू लागली आणि थोरली तो सकाळ-संध्याकाळ गरम करून देऊ लागली.

आणि बाबा खुलले. उगीच का होईना, पण खुलले. जिना चढताना कठड्यावर बोटांनी ठेका धरू लागले. नाश्त्याला दोन चमचे घेऊन टेबल वाजवू लागले. थोरलीला वाटायचं, दर रविवारी लाडकी लेक येऊन बसते, गप्पा मारते, तर कुणीही खुलेल. पण हे बोलणार कोणाशी? नवऱ्याशी बोलली. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. हात पुसत म्हणाला, "तुझ्या पोटात दुखतंय. खाली एवढं दुकान आहे, त्यात यावर गोळी नाही का?"

पुढच्या तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काही नवीन सुरू केलंय का? काही घरगुती वगैरे?"

"छे!" बाबांनी लहान मुलासारखा चेहरा केला. काढ्याचं डॉक्टरांना कळलं तर त्या बंद करतील, ही त्यांची धास्ती.

डॉक्टरीणबाई थोरलीकडे बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याचा अर्थ काय झाला असता? की धाकटीच्या काढ्याने रक्त पातळ झालं, म्हणजे धाकटीचा काढा काम करतो.

"पालेभाज्या खात नाहीत हल्ली," थोरली म्हणाली. हे खोटं नव्हतं. पालेभाज्या कमी झाल्या की रक्त थोडं पातळ होतं, हेही खरंच. तिने स्वतःलाही तेच पटवलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बरीच कमी केली. घरी आल्या आल्या, बूटही न काढता बाबांनी फोन लावला. "भिंगरे! तुझ्या काढ्याने कमाल केली! माझी गोळी कमी झाली! …हो हो, ताई होती ना बरोबर. ती म्हणते पालेभाजी. तिला काय, तिला सगळं पालेभाजीच!" मग त्यांनी न्हाव्याला सांगितलं. मग बसथांब्यावरच्या लोकांना सांगितलं. थोरलीच्या दुकानात एक बाई येऊन विचारून गेली, "तो तुमच्या बहिणीचा काढा इथे मिळतो का हो?"

त्या दिवशी थोरलीने ठरवलं.

तिने बार्ली भाजली, अगदी काळपट होईपर्यंत. त्यात चिकोरीची पूड टाकली कडूपणासाठी, रंगासाठी थोडी जाळलेली साखर. जन्मभर औषधं मोजण्यात गेलेला हात, काढा हुबेहूब उतरला. धाकटीच्या बाटल्या तिने मोरीत ओतल्या, विसळल्या आणि त्यात आपलं पाणी भरलं. बेत साधा होता. काही आठवडे बाबांना हे पाजायचं. ते असेच टुणटुणीत राहतील. मग एखाद्या रविवारी, सगळे टेबलाशी बसले असताना, शांतपणे सांगायचं, "इतके दिवस तुम्ही भाजलेली बार्ली पीत होतात बरं का." बाबांचा चेहरा कसा होईल, धाकटीचा कसा होईल, हे ती काउंटरमागे उभी राहून मनात रंगवायची आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायला विसरायची.

पहिल्याच दिवशी बाबांनी घोट घेतला आणि थांबले.

"अरे वा," बाबा म्हणाले. "आज काय झकास जमलंय! भिंगरी शिकली हो. कडवटपणा कसा बेताचा, आणि मागून गोडसर काहीतरी येतं." त्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे धरला. "आहे अजून?"

जन्मात पहिल्यांदा बाबांनी तिच्या हातचं काही दुसऱ्यांदा मागितलं होतं, आणि तेही धाकटीच्या नावाने. थोरली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. रडावं की हसावं ते तिला कळेना. मग तिने पेला भरून नेला. दुसऱ्या दिवशी तिने चिकोरी थोडी आणखी कमी केली, चव अजून सुधारावी म्हणून. का केली, ते तिला विचारू नका.

दिवस गेले. बाबा टुणटुणीत होते. रोज काढ्याची तारीफ, रोज भिंगरीची आरती. थोरली गप्प बसून मनात म्हणायची, बोला, बोला, येत्या रविवारी कळेल.

तो रविवार उजाडायच्या आधीच एका सकाळी बाबा नाश्त्याच्या टेबलावर दोन चमच्यांनी ठेका धरत होते. डावा चमचा चालू राहिला आणि उजवा हातातून गळला. बाबा त्या चमच्याकडे बघत राहिले. काही तरी म्हणाले, पण शब्द चिखलातून आल्यासारखे आले. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. थोरली धावली. तिने त्यांना धरेपर्यंत आणि नवऱ्याने गाडी काढेपर्यंत सगळं जागेवर आलंही. बाबा म्हणाले, "काय झालं एवढं? चमचाच तर पडला."

इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई रागावलेल्या होत्या. "रक्त एकदम दाट झालंय. छोटीशी गुठळी गेली आणि विरघळली, नशीब समजा. हा इशारा आहे. गोळ्या चुकल्या का?" आणि त्यांनी थोरलीकडे बघितलं.

पलंगावरून बाबाच बोलले. "नाही हो. आमची मॅनेजर गोळी चुकवू देत नाही. सूर्य एक दिवस उगवायचा विसरेल, ही नाही."

गोळी वाढवली. आधी होती त्याहून थोडी जास्तच. थोरली इस्पितळाच्या व्हरांड्यात येऊन बाकावर बसली. काय झालं ते तिला एका क्षणात दिसलं, कारण हे तिचंच तर शास्त्र होतं. काढ्याने रक्त पातळ होत होतं. म्हणून गोळी कमी झाली. मग तिने काढा काढून घेतला. राहिली ती अर्धवट गोळी आणि भाजलेली बार्ली. बाबांना तिने उघड्यावर सोडलं होतं.

आधी आली ती भीती. पण त्या भीतीच्या पाठोपाठ, तिची पाठ न सोडता, दुसरं काहीतरी आलं, आणि ते सांगायला लाज वाटते पण ते खरं आहे. तिच्या मनात आलं, म्हणजे त्या कुत्र्याच्या छत्रीत दम आहे तर. बाप मरता मरता वाचला आणि हिच्या पोटात दुखलं ते धाकटी खरी ठरली म्हणून. मत्सराला वेळकाळ कळत नाही.

त्यानंतर सुरू झाली खरी शिक्षा. आता गोळी होती भरपूर, ती बार्लीवर बेतलेली. त्यावर धाकटीचा खरा काढा पोटात गेला तर रक्त पाण्यासारखं होईल, आणि कुठे फुटेल सांगता येणार नाही. म्हणजे आता बार्ली चालूच ठेवायची. रोज भाजायची, दर आठवड्याला खऱ्या बाटल्या मोरीत ओतायच्या, जन्मभर. सांगावं तर तोंड काळं, न सांगावं तर बापाचा जीव टांगणीला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिने एक प्रयत्न केला. धाकटीला फोन केला. "आता काढा नको आणूस."

"का गं? डॉक्टर म्हणाल्या?"

"मी म्हणते."

मग धाकटी म्हणाली, "ताई, तू पहिल्या दिवसापासून म्हणतेस. बाबाला त्याने बरं वाटतं, तेवढंही तुला बघवत नाही का? थांब, मीच डॉक्टरीणबाईंना विचारते."

"नको!" थोरली ओरडलीच. "राहू दे. आण काय आणायचं ते."

खाई त्याला खवखवे. डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला असता आणि सगळी बार्ली उघडी पडली असती.

रविवारी धाकटी आली तेव्हा थोरली खाली दुकानात होती. एका म्हातारबुवांना डोळ्यांत थेंब कसे घालायचे ते समजावत होती. धाकटी काचेतून हात हलवून जिन्याने वर गेली. तिच्या काखेत नेहमीची पिशवी नव्हती. मोठा थर्मास होता.

थोरलीच्या हातातली थेंबांची बाटली काउंटरवर आडवी झाली. "बाई, दिवसातून किती वेळा म्हणालात?" म्हातारबुवा विचारत होते. तिने उत्तर दिलं की नाही ते तिला आठवत नाही. ती जिना चढली ती दोन-दोन पायऱ्या गाळून.

धाकटी बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली होती. थर्मासचं झाकण तिच्या हातात, त्यातून वाफ येत होती. "या वेळी चांगला दाट केलाय. दुप्पट अळिंबी घातलीय. सकाळपासून उकळतेय बाबा तुझ्यासाठी. मला असलं घाबरवायचं नाही पुन्हा."

बाबांनी जिभेचं टोक लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं, आज बिघडलं की! हे तर पहिल्यासारखं जहर कडू. हल्ली किती मस्त करत होतीस. ते मागून गोडसर यायचं ते कुठे गेलं?"

"गोडसर?" धाकटी म्हणाली. "मी तर कायम असाच करते."

"काहीतरीच. पण चल, तू एवढं केलंयस तर पितो. भिंगरीसाठी जहरसुद्धा पितो."

थोरली दारात उभी होती. एका क्षणात तिच्या मनात काय काय येऊन गेलं. जाऊन धक्का द्यावा, सांडलं म्हणावं. पण थर्मास भरलेला होता. गरम आहे म्हणावं. पण ते गार झालं असतं. बाबांनी झाकण ओठांपर्यंत नेलं.

"बाबा, पिऊ नका!"

"आता काय गं मॅनेजर?" बाबा वैतागले. "आता यातही तुझं…"

"ताई, पुरे," धाकटी उठून उभी राहिली. "खरंच पुरे आता. कुत्र्याच्या छत्रीचं पाणी आहे ना? मग पिऊ दे त्याला."

"पाणी नाही ते," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "औषध आहे. जोरदार औषध आहे. आताच्या गोळीवर प्यायलात तर रक्तस्राव होईल."

आणि मग तिने सांगितलं. उभ्या उभ्याच, एखाद्या गिऱ्हाइकाला औषधाची माहिती द्यावी तसं सांगितलं, नाहीतर सांगताच आलं नसतं. पालेभाजीचं सांगितलं. बार्ली, चिकोरी, जाळलेली साखर सांगितली. मोरीत ओतलेल्या बाटल्या सांगितल्या. चमचा का पडला ते सांगितलं.

धाकटीने बाबांच्या हातातून झाकण काढून घेतलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. थोरली वाट बघत होती. शिव्या येऊ देत, थप्पड येऊ दे, तिला ते हवंच होतं. पण धाकटीच्या चेहऱ्यावर आधी दुसरंच काही आलं. तिचे डोळे मोठे झाले आणि त्यात आतून दिवा लागल्यासारखा झाला.

"म्हणजे काढा सुरू केला आणि रक्त पातळ झालं," ती हळूच म्हणाली. "तू काढा बदललास आणि दाट झालं. बाबाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, डॉक्टरांना माहीत नव्हतं. ताई! मनाचे खेळ नाहीत ते! आम्ही अळिंबीत भलतंच शोधत होतो, सूज उतरवणारं काहीतरी. हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. कधी बदललास तू? नेमकं कधी?"

थोरलीला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम केलं होतं, आणि तेही धाकटीच्याच पथ्यावर पडलं होतं.

मग धाकटीला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. तिने तोंडावर हात दाबला. डोळ्यांतला दिवा विझला आणि पाणी आलं. "बाबा गेला असता," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, ताई. पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुझ्यावर विसंबून पाजलं मी त्याला. माझ्यावर राग होता तर माझ्या चहात काहीतरी घालायचं होतंस!" तिच्याच्याने पुढे बोलवेना. थर्मास उचलून ती आतल्या खोलीत गेली. थोड्याच वेळात तिचा आवाज आला. ती डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलत होती, हुंदके आवरत, पण अगदी व्यवस्थित, कशानंतर काय झालं ते.

बाहेर बाबा आणि थोरली राहिले. बाबा आपल्या उजव्या हाताची बोटं उघडझाप करून बघत होते. थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आत यायची तिला हिंमत नव्हती.

"कशाचं होतं म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"बार्लीचं. भाजून."

"आणि ते मागून गोडसर?"

"साखर. जाळलेली."

"हं." बाबांनी मान हलवली. "छान होतं."

बाबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग सरळ तुझं म्हणून का नाही दिलंस?" बाबा म्हणाले. "मी प्यायलो असतो."

नसते प्यायले. थोरलीला ते पक्कं माहीत होतं. दुरूनच हात हलवून म्हणाले असते, "मॅनेजर, हे काय नवीन? ठेव तिकडे, घेतो मग." पेला तसाच गार झाला असता आणि संध्याकाळी तिने तो मोरीत ओतला असता. आणि हे बाबांनाही माहीत होतं. म्हणून तर ते तिच्याकडे न बघता आपल्या बोटांकडे बघत होते. म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता.

आतून धाकटीचा आवाज येत होता. तिला बाबांनी उभ्या जन्मात खूप काही दिलं होतं, पण तिच्याशी असं खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. हे एकट्या थोरलीसाठी होतं. तिने ते ठेवून घेतलं.